तळटीप : रक्ताच्या दुहेरी तपासणीविषयी

ग्रंथकर्त्याने येथे ओझरता उल्लेख केलेल्या तपासणीचा खुलासा करणे अगत्याचे आहे. अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम या विकारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटून रक्तवाहिन्यांत गुठळ्या निर्माण करते; परंतु तेच रक्त परीक्षानळीत, आपल्याकडील घोणशीच्या विरल केलेल्या विषाने गोठवू गेल्यास, उलट विलंबाने गोठते. त्यात निरोगी माणसाचा रक्तद्रव मिसळूनही तो विलंब टळला नाही, आणि फॉस्फोलिपिडाची मात्रा वाढवताच टळला, तर दोष रक्तघटकांच्या उणिवेचा नसून प्रतिपिंडांचा, असा निर्वाळा मिळतो. याच विकारातील कार्डिओलिपिनविरोधी प्रतिपिंडे मात्र निराळी मोजावी लागतात. ॲन आर्बर येथील मिशिगन विद्यापीठात यू झुओ, जेसन नाइट प्रभृतींनी इस्पितळात दाखल झालेल्या १७२ कोविडग्रस्तांचे रक्त तपासले, तेव्हा निम्म्याहून अधिकांत अशी फॉस्फोलिपिडविरोधी प्रतिपिंडे आढळल्याचे २०२० साली प्रसिद्ध झाले. अशी संसर्गामुळे उद्भवलेली प्रतिपिंडे कित्येकदा ओसरतात. म्हणूनच किमान १२ आठवड्यांनी फेरतपासणी झाल्याखेरीज रुग्णाच्या दप्तरी हे निदान कायम करू नये, असे आम्ही आग्रहाने नमूद करतो, कारण गुठळी झालेल्या रुग्णास या निदानामागोमाग रक्त पातळ ठेवणारे औषध बहुधा आजन्म घ्यावे लागते. — संपादक