क्षेपणास्त्राचा पदार्थ, पोरांच्या पायात

आपल्या आदिलाबादकडच्या जुन्या घरांच्या कुडाच्या भिंती ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हाड म्हणजे काय हे सांगायला वेळ लागत नाही. नुसती तुराटी वाकते, नुसती माती तडकते. दोन्ही मिळून भिंत उभी राहते. हाडातही कोलॅजेन या प्रथिनाचे धागे आणि त्यांत बसलेले कॅल्शियम-फॉस्फेटचे क्षार असतात. अशा जोडीला संमिश्र, म्हणजेच कॉम्पोझिट, म्हणतात.

अशा कामाची एक सुरुवात लष्करी परिषदेच्या वाटेवर झाली. १९६७ साली अमेरिकेत काचेचे अभ्यासक लॅरी हेंच बसने परिषदेला चालले होते. शेजारी व्हिएतनामहून परतलेला कर्नल बसला होता. शरीराने नाकारू नये असा पदार्थ तुम्ही करू शकाल का, असे त्याने विचारले. १९६९ मध्ये हेंचनी हाडाला घट्ट चिकटणारी काच तयार केली, ती बायोग्लास. पुढे लंडनला विल्यम बॉनफिल्ड यांनी पॉलिएथिलिनमध्ये हाडातल्यासारखा क्षार मिसळला. हे झाले कृत्रिम संमिश्र हाड.

आपल्या हैदराबादची गोष्टही अशीच. डॉ. अब्दुल कलाम तिथल्या क्षेपणास्त्र प्रयोगशाळेत होते. अग्नीचे पहिले उड्डाण २२ मे १९८९ रोजी झाले. त्यासाठी केलेला हलका संमिश्र पदार्थ निम्समधल्या एका अस्थिरोगतज्ज्ञांनी उचलून पाहिला आणि ते कलामांना थेट आपल्या वॉर्डात घेऊन गेले. तिथे लहान मुले तीन किलोंहून जड लोखंडी कॅलिपर ओढत होती. तीन आठवड्यांत ३०० ग्रॅमचे कॅलिपर तयार झाले.

हे कॅलिपर वरून बांधायचे, हाडात बसवायचे नव्हे, हे खरे. पण उटनूरच्या चढावर पायाला तीन किलो बांधून शाळेत जायचे म्हणजे काय, हे आपल्या जिल्ह्याला वेगळे सांगायला नको. कलामांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. मला मात्र शास्त्रज्ञाला वॉर्डात नेणारे ते डॉक्टर अधिक मोठे वाटतात.

त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने हाडाची पोकळी भरायला सच्छिद्र बायोसिरॅमिक तयार केले. आता त्या छिद्रांत रुग्णाच्याच पेशी रुजवण्याचे प्रयोग चालू आहेत. तरीही मोठी फट भरायची तर सर्जन बहुधा रुग्णाच्याच कमरेचे हाड काढतात. एका दुखण्यासाठी दुसरी जखम.