रक्ताच्या नळीची जडणघडण

शरीराबाहेर आलेले रक्त काही मिनिटांतच गोठते. 1914-15 मध्ये ब्रसेल्सचे आल्बेर ह्युस्टिन, ब्वेनोस आयरेसचे लुईस अगोते आणि न्यूयॉर्कचे रिचर्ड लेविसन यांनी सोडियम सायट्रेट मिसळून ते पातळ ठेवले. हेतू रुग्णाला रक्त चढवण्याचा होता, पण गोठण्याच्या चाचण्यांसाठी हेच द्रव्य आजही नळीत असते.

रक्त गोठले नाही तरी त्यातील पेशी जिवंत असतात आणि खरी गुंतागुंत तिथेच आहे. त्या साखर खात राहतात. खोलीच्या तापमानाला साखर तासाला सुमारे 5 ते 7 टक्क्यांनी घटते. म्हणून पेशींचे हे साखर खाणे रोखणारे फ्लोराइड नळीत आले. तेही पहिला तास-दोन तास ही घट पुरती रोखत नाही. पेशी वेगळ्या न केलेले रक्त थंड ठेवावे, तर पेशींतले पोटॅशियम बाहेर झिरपते आणि निरोगी माणसाचा अहवालही विनाकारण घाबरवतो.

1949 मध्ये जोसेफ क्लाइनर यांना निर्वात नळीचे अमेरिकी पेटंट मिळाले. नळी ठरावीक रक्तच ओढून घेत असल्याने रक्त आणि द्रव्याचे प्रमाण सांभाळले जाऊ लागले. पण प्रत्येक नळीतले द्रव्य सारखे नसते: जांभळ्या टोपणाच्या नळीतले रक्त गोठू न देणारे पोटॅशियमयुक्त ईडीटीए दुसऱ्या नळीत थोडे जरी गेले, तरी पोटॅशियम वाढलेले आणि कॅल्शियम घटलेले दिसते. त्यामुळे नळ्या भरण्याचा क्रमही ठरवावा लागला.