इटलीची टीम 'अझ्झुरी' का? युरोपातल्या या निळ्या शब्दाचं गाव आहे अफगाणिस्तानात

इटलीचा झेंडा हिरवा, पांढरा आणि लाल. त्यात निळ्याचा टिपूसही नाही. पण फुटबॉलच्या मैदानात त्यांची टीम उतरते ती निळ्या जर्सीत आणि फॅन्स तिला म्हणतात 'अझ्झुरी', म्हणजे निळेवाले. जर्सीच्या रंगाचं कारण सोपं आहे. इटलीवर तेव्हा सव्हॉय घराण्याचं राज्य होतं आणि निळा हा त्या घराण्याचा रंग. ६ जानेवारी १९११ रोजी मिलानमध्ये हंगेरीविरुद्धच्या मॅचला इटलीने पहिल्यांदा निळी जर्सी घातली. पुढे राजेशाही गेली, रंग मात्र राहिला.

खरी गंमत आहे ती 'अझ्झुरो' या शब्दात. स्पॅनिश आणि पोर्तुगीजमध्ये निळा म्हणजे 'अझुल'. फ्रेंचमध्ये आकाशाच्या निळाईला 'अझ्यूर', इंग्रजीत 'अ‍ॅझ्युअर'. मायक्रोसॉफ्टच्या क्लाउड सर्व्हिसचं नावही तेच. आता इटालियन, स्पॅनिश, पोर्तुगीज, फ्रेंच या सगळ्या लॅटिनच्या लेकी. त्यामुळे हा शब्दही त्यांना आईकडूनच मिळाला असेल, असं कुणालाही वाटेल. तसं नाहीये. जुन्या लॅटिनमध्ये हा शब्दच नव्हता. तो आला फारसीतून, व्हाया अरबी. आणि त्याच्या मुळाशी रंग नाही, एक दगड आहे.

लॅटिनला निळा दिसत नव्हता का?

दिसत होता. पॉम्पेईच्या भिंतींवर निळा रंग आहे, रोमन लोक तो तयारही करायचे. अडचण होती ती नावाची. निळ्यासाठी लॅटिनमध्ये शब्द बरेच होते, पण पक्का एकही नाही. 'केरुलेउस' समुद्रालाही चालायचा, आकाशालाही आणि गडद हिरवटालाही. 'ग्लाउकुस' म्हणजे राखाडी, हिरवट, निळसर यांच्या मधलं काहीतरी. 'लिविदुस' म्हणजे मुका मार लागल्यावर अंग पडतं तसं काळंनिळं. शिवाय रोमन लोकांच्या नजरेत निळा हा रानटी टोळ्यांचा रंग. ब्रिटनमधले लोक लढाईआधी अंग निळं रंगवतात, असं खुद्द ज्युलियस सीझरने लिहून ठेवलंय.

पुढे लॅटिनच्या वेगवेगळ्या भाषा झाल्या, तेव्हा वाटणीत हिरवा नीट मिळाला. 'विरिदिस'चा इटालियन आणि स्पॅनिशमध्ये 'वेर्दे' झाला, फ्रेंचमध्ये 'व्हेर'. निळ्याच्या वाट्याला मात्र ढिले शब्द आले आणि ते रोजच्या बोलण्यात टिकले नाहीत. मग प्रत्येकीने आपापली सोय केली. रोमानियनने तर कमालच केली. तिथे निळ्याला 'अल्बास्त्रू' म्हणतात आणि तो शब्द निघालाय लॅटिन 'अल्बुस'मधून, ज्याचा अर्थ पांढरा!

फ्रेंचने उसनवारी केली ती फ्रँक या जर्मानिक टोळ्यांकडून. त्यांच्या शब्दाचा झाला 'ब्ल्यू'. तोच फ्रेंचमधून इंग्रजीत गेला, इटालियनमध्येही 'ब्लू' म्हणून शिरला. म्हणून आज इटालियन माणसाकडे दोन निळे आहेत. गडद तो 'ब्लू', त्याहून उजळ तो 'अझ्झुरो'. जर्मन 'ब्लाउ' आणि स्वीडिश 'ब्लो' हे या 'ब्ल्यू'चेच भाऊबंद. जुन्या नॉर्स भाषेत यातलाच 'ब्लार' काळपट रंगालाही वापरायचे. दहाव्या शतकातल्या डेन्मार्कच्या हॅराल्ड राजाचं टोपणनाव 'ब्लोतान', म्हणजे निळ्या दाताचा. त्याचा दात बहुधा किडून काळा पडला असावा, असं म्हणतात. तुमच्या इअरफोनमधलं ब्ल्यूटूथ ते याच राजाच्या नावाचं. त्याचा लोगो म्हणजे त्याच्या नावाची दोन जुनी रून अक्षरं एकमेकांत गुंफलेली.

दगडाचं नाव रंगाला

अफगाणिस्तानच्या ईशान्येला बदख्शान प्रांत आहे. तिथल्या कोक्चा नदीच्या खोऱ्यात, उभ्या डोंगरकड्यांमध्ये सर-ए-संगच्या खाणी आहेत. या खाणींतून गडद निळा, मध्येच सोनेरी ठिपके असलेला दगड हजारो वर्षांपासून काढला जातोय. हडप्पा संस्कृतीच्या लोकांनी अमू दर्या नदीजवळ शोर्तुगाई इथे वसाहत केली होती, ती याच खाणींच्या वाटेवर. मेसोपोटेमियातल्या उर शहराच्या कबरींत हा दगड सापडला. इजिप्तच्या तुतनखामुनच्या सोन्याच्या मुखवट्यातही भुवया आणि डोळ्यांच्या कडा याच दगडाच्या आहेत. तेराव्या शतकात मार्को पोलोनेही बदख्शानच्या डोंगरातल्या या निळ्याची जगात सर्वात उत्तम म्हणून नोंद केली.

फारसीत या दगडाला म्हणतात 'लाजवर्द'. हे मुळात खाणीजवळच्या ठिकाणाचंच नाव असावं, असं अनेक शब्दकोश सांगतात. आपल्याकडे संस्कृतात हाच दगड 'राजावर्त', आणि राशीचे खडे विकणाऱ्यांकडे आजही 'लाजवर्त' मागितला की हाच मिळतो. अरबी व्यापाऱ्यांनी शब्द आणि दगड दोन्ही भूमध्य समुद्रापर्यंत नेले. मध्ययुगीन लॅटिनमध्ये त्याचा 'लाझुर' आणि 'लाझुलुम' झाला. 'लॅपिस' म्हणजे लॅटिनमध्ये दगड. म्हणजे 'लॅपिस लाझुली' हे नाव अर्धं लॅटिन, अर्धं फारसी.

पण मग 'लाझुर'चा 'ल' कुठे गेला?

तो लोकांनी चुकून कापला. फ्रेंच आणि इटालियनमध्ये नामाच्या आधी 'ल' हे आर्टिकल लागतं, इंग्रजीतल्या 'द'सारखं. 'लाझुर' ऐकलं की ऐकणाऱ्याला वाटायचं, पहिला 'ल' आर्टिकलचा आणि शब्द फक्त 'अझुर'. असंच संत्र्याचंही झालं. आपलं नारिंग अरबीतून 'नारंज' म्हणून गेलं, स्पॅनिशने 'नारांखा' असं न सांभाळलं, पण इटालियनमध्ये 'न' आर्टिकलला चिकटला आणि उरलं 'अरांचा'. जिथे असं 'ल'चं आर्टिकल नाही तिथे मूळ शब्द शाबूत राहिला. रशियन आणि पोलिशमध्ये तो 'लाझुर' आहे. जर्मनमध्ये लाकडावर मारायच्या पारदर्शक रंगाला आजही 'लाझुर' म्हणतात, मग तो तपकिरी का असेना.

सोन्याच्या भावाचा निळा

शब्द इतका रुजला कारण माल महाग होता. हा दगड दळून चित्रकारांसाठी रंग व्हायचा. त्याचं नाव 'अल्ट्रामरीन', म्हणजे समुद्रापलीकडून आलेला. नुसता दळला तर तो राखाडी पडायचा. १४०० च्या सुमारास चेन्निनो चेन्निनी या इटालियन चित्रकाराने त्याची कृती लिहून ठेवलीये. भुकटी मेण, राळ आणि डिंकात कणकेसारखी मळायची, काही दिवस मुरवायची, मग राखेच्या खाऱ्या पाण्यात पुन्हा मळून निळा रंग बाहेर काढायचा. पहिल्या पाण्याचा माल सगळ्यात भारी. त्यामुळे तो मुख्यतः मदर मेरीच्या झग्यासाठी राखून ठेवला जायचा. १४८५ मध्ये फ्लॉरेन्समधल्या अनाथालयाने चित्रकार गिर्लांदायोशी करार केला, त्यात निळा रंग औंसाला साधारण ४ फ्लोरिन किमतीचाच हवा, असं कलमच होतं. चित्रकार स्वस्तातला निळा फासेल, ही भीती गिऱ्हाइकाला तेव्हाही होती.

ही चैन संपवली केमिस्ट्रीने. १८२४ मध्ये फ्रान्समध्ये कृत्रिम अल्ट्रामरीनसाठी ६,००० फ्रँकचं बक्षीस जाहीर झालं आणि ते जाँ-बातिस्त गिमे यांनी पटकावलं. मग हा रंग इतका स्वस्त झाला की धोब्याच्या बादलीत पोहोचला. पांढऱ्या शर्टाला आपल्या घरी पुडीतली नीळ द्यायचे ना? ती भुकटी म्हणजे हाच कारखान्यातला अल्ट्रामरीन. नाव निळीचं, माल लाजवर्दाच्या जातीचा.

आणि खरी नीळ?

तिनेही युरोपला शब्द दिला, फक्त उलट्या रीतीने. संस्कृत 'नील' फारसीतून अरबीत गेला, तिथे त्याला अरबी आर्टिकल लागून 'अन्-नील' झाला. पोर्तुगीज आणि स्पॅनिश लोकांनी तो आर्टिकलसकट उचलला, म्हणून त्यांच्याकडे निळीला 'अनिल' आणि 'अन्यील' म्हणतात. म्हणजे एका निळ्याने स्वतःचं अक्षर आर्टिकल समजून गमावलं आणि दुसऱ्याने दुसऱ्याचं आर्टिकल स्वतःचं समजून ठेवून घेतलं. १८४० मध्ये कार्ल युलियुस फ्रिट्शे यांनी नीळ तापवून मिळवलेल्या तेलकट द्रव्याला 'अनिलिन' नाव दिलं, ते यावरूनच. याच अनिलिनपासून पुढे कृत्रिम रंगांचा उद्योग उभा राहिला. १८९७ मध्ये जर्मनीच्या बीएएसएफने कारखान्यातली नीळ बाजारात आणली आणि भारतातल्या नीळ शेतीचा धंदा बसला.

एक गैरसमज मात्र इथेच दूर करायला हवा. गोव्यात पणजीच्या फोंताइन्यासमध्ये घरांच्या नावाच्या निळ्या-पांढऱ्या टाइल्सचे फोटो तुम्ही इन्स्टावर पाहिले असतील. त्यांना 'अझुलेझो' म्हणतात. नावात 'अझुल' ऐकू येतो, रंगही निळा, त्यामुळे हे नातं पक्कंच वाटतं. पण हा शब्द आलाय अरबी 'अझ-झुलैज'वरून. त्याचा निळ्याशी काही संबंध नाही आणि सुरुवातीच्या कित्येक अझुलेझो निळ्या नव्हत्याच.

सर-ए-संगच्या खाणी आजही चालू आहेत. सोव्हिएत फौजांविरुद्धच्या लढाईत अहमद शाह मसूद यांच्या गटाला या दगडातून पैसा मिळायचा. २०१६ मध्ये ग्लोबल विटनेस या संस्थेने बदख्शानच्या खाणींवर अहवाल दिला. तालिबानसह वेगवेगळे सशस्त्र गट या दगडाच्या कमाईत वाटेकरी आहेत, त्यामुळे लॅपिसला 'कॉन्फ्लिक्ट मिनरल' धरावं, अशी त्यात मागणी होती. हा दगड आजही ट्रकमध्ये भरून डोंगरउतारावरून खाली येतो आणि त्याचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक आता युरोप नाही, चीन आहे.