मेहता, हंसा
मेहता, हंसा जीवराज : (३ जुलै १८९७–४ एप्रिल १९९५). भारतीय शिक्षणतज्ज्ञ, समाजसुधारक व सहशिक्षण देणाऱ्या भारतीय विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री-कुलगुरू. जन्म सुरत येथे. वडील मनुभाई मेहता हे बडोदे संस्थानचे दिवाण. तत्त्वज्ञानाची पदवी घेतल्यानंतर (१९१८) त्या उच्च शिक्षणासाठी इंग्लंडला गेल्या. ज्ञातिबंधने झुगारून त्यांनी डॉ. जीवराज मेहता यांच्याशी आंतरजातीय विवाह केला.

संविधान सभेत डिसेंबर १९४६ मध्ये बोलताना त्यांनी स्त्रियांसाठी राखीव जागा वा खास सवलती नाकारल्या आणि सामाजिक, आर्थिक व राजकीय न्यायाची मागणी केली. मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याच्या (१९४८) पहिल्या कलमात सर्व पुरुष असा अर्थ निघू शकणाऱ्या शब्दांऐवजी ‘सर्व मानव’ ही शब्दयोजना आली, ती मुख्यतः त्यांच्या आग्रहामुळे.

महर्षी कर्वे यांनी स्थापिलेल्या महिला विद्यापीठाच्या कुलगुरुपदानंतर त्या बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या (१९४९–५८). स्त्रियांचे शिक्षण स्वतंत्र असावे की पुरुषांबरोबर, या वादाच्या दोन्ही बाजू त्यांनी अशा प्रकारे प्रत्यक्ष कारभारातून अनुभवल्या. त्यांच्या कारकीर्दीत ललित कला व गृहविज्ञान या विद्याशाखा सुरू झाल्या (१९५०). गृहविज्ञान हे स्त्रीला पुन्हा घरातच गुंतविणारे शिक्षण होय, असा आक्षेप घेतला जातो. तथापि घरातील दुर्लक्षित श्रमांना त्यामुळे विद्यापीठीय अभ्यासविषयाची प्रतिष्ठा लाभली. कायद्याने दिलेली समता वर्गात व वसतिगृहात सहजीवनाची सवय झाल्याखेरीज रुजत नाही, हे त्यांच्या कार्यावरून दिसून येते. पद्मभूषण हा किताब त्यांना १९५९ मध्ये मिळाला.