मेपलच्या वासामागची मेथी

ऑक्टोबर 2005 मध्ये एका रात्री न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागात गोड वास पसरला. पॅनकेक आणि वॉफलवर ओततात त्या मेपल सिरपचा. जुळ्या मनोऱ्यांवरच्या हल्ल्याला जेमतेम चार वर्षं झाली होती. रासायनिक हल्ल्याच्या धास्तीने लोकांनी शहराच्या मदत क्रमांकावर फोन केले. हवा तपासली गेली, घातक काही आढळलं नाही. वास मात्र अधूनमधून येतच राहिला. फेब्रुवारी 2009 मध्ये महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांनी त्याचा उलगडा जाहीर केला. हडसन नदीपलीकडे, न्यू जर्सीतल्या नॉर्थ बर्गनमध्ये फ्रुटारोम कंपनीच्या कारखान्यात मेथीदाण्यांवर प्रक्रिया होत होती आणि वारा तो वास शहरात आणत होता.

मेथी! आपल्या फोडणीतली, लोणच्यातली, बाळंतिणीच्या लाडवातली. तिचा वास अमेरिकेला नाश्त्याच्या पाकाचा वाटतो, याचं कारण सोटोलोन नावाच्या रेणूत आहे. तो एकवटलेला असला की मेथीचा किंवा मसाल्याचा वास येतो; अगदी विरळ झाला की जळक्या साखरेचा, मेपलचा. जपानी संशोधकांनी 1980 साली कच्च्या उसाच्या साखरेचा सुवास शोधताना तो वेगळा केला. म्हणजे मेपल, मेथी आणि गूळ ही सख्खी भावंडं, तिघांच्या सुवासात एकच धागा. मेथीच्या लाडवात गूळच शोभतो तो उगाच नव्हे.

खऱ्या मेपल सिरपची कथा सर्वांना ठाऊक आहे: उत्तर अमेरिकेच्या मूळ रहिवाशांनी मेपलच्या खोडाचा रस काढला, युरोपीय वसाहतवाले त्यांच्याकडून ते शिकले. साधारण 40 लिटर रस आटवावा तेव्हा लिटरभर सिरप मिळतं. ते महाग पडतं ते यामुळेच. 1887 साली पॅट्रिक टाउल या किराणा दुकानदाराने मेपलमध्ये उसाच्या साखरेचा पाक मिसळून ‘लॉग केबिन’ बाजारात आणलं आणि भेसळीला प्रतिष्ठा मिळाली.

पुढची पायरी आणखी धीट होती. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सिएटलच्या क्रेसेंट कंपनीने ‘मेपलिन’ नावाचा अर्क विकायला काढला. साखरेत निम्मं उकळतं पाणी घालायचं, वर चमचाभर मेपलिन. झालं घरचं सिरप. मेपलचा थेंबही न घालता कित्येक घरांतले पॅनकेक या पाकाने गोड झाले. 1906 च्या अन्नशुद्धी कायद्याखाली सरकारने मेपलिनच्या 300 पेट्यांवर खटला भरला. नावावरून गिऱ्हाईक फसतं, एवढाच आक्षेप होता.

पण मेपलचा थेंबही नसलेल्या असल्या अर्कांत मेपलचा वास आणला कशाने? इथे मतं फुटतात. एक पक्ष हिकरी झाडाच्या सालीकडे बोट दाखवतो. त्या सालीचा काढा साखरेत घालून नकली मेपल करण्याची अमेरिकेत जुनी रीत होती, हे खरं. दुसरा पक्ष लव्हेज या वनस्पतीचं नाव घेतो. तिच्यातही सोटोलोन असतं. हिकरीचा धूरकट स्वाद मेपलच्या जवळ जातो खरा, पण गोड, जळकट गाभा त्यात नाही. लव्हेजमागे सेलरीचा वास चिकटून येतो. मेथीइतकं नेमकं दुसरं काहीच बसत नाही.

आणि मेथी तिथे परकी नव्हती. एकोणिसाव्या शतकात घोड्यागुरांना देण्याच्या टॉनिक चूर्णांत ती सर्रास असे. कुबट वैरणीला चव यावी म्हणूनही ती वापरत. न्यू इंग्लंड म्हणजे मेपलचं माहेर. तिथल्याच लिन गावी 1875 पासून विकल्या जाणाऱ्या लिडिया पिंकहॅमच्या स्त्रीरोगांवरच्या प्रसिद्ध काढ्यातही मेथी होती. ज्या औषधविक्यांच्या फडताळात मेथीचं पोतं होतं, त्यांच्याकडेच स्वादाचे अर्कही बनत. मेथीदाणे दारूत भिजवणाऱ्या अशाच कुणा औषधविक्याच्या नाकाने हा शोध लावला असणार. हा तर्कच आहे, पण इतर सर्व तर्कांपेक्षा तो भक्कम आहे.

या वासाची एक गंभीर बाजूही आहे. 1954 साली जॉन मेंकिस या डॉक्टरांनी एकाच घरातल्या चार तान्ह्या मुलांचा आजार नोंदवला. त्यांच्या लघवीला मेपल सिरपसारखा वास येत होता. प्रथिनांतली काही अमिनो आम्लं शरीराला पचवता येत नाहीत, असा तो आनुवंशिक विकार. आईने बाळंतपणाआधी मेथी घेतली असेल तर निरोगी बाळालाही असाच वास येतो आणि डॉक्टरांची गफलत होते, हेही वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेलं आहे. लाडू हाणणाऱ्या आपल्या घरांत हे माहीत असायला हवं. मात्र मेथी घेतली म्हणून डॉक्टरांकडे जायचं टाळू नये. मेथीचं सांगावं आणि तपासणी करून घ्यावी.

परदेशी बाटलीवर पैसे घालण्याआधी हा पाक करून पाहावा. चमचाभर मेथीदाणे मंद आचेवर बदामी होईपर्यंत भाजावेत; काळे पडले तर कडवट होतात. ते मलमलच्या पुरचुंडीत अख्खेच बांधावेत, कुटू नयेत. एक वाटी पाण्यात दोन वाट्या चिरलेला गूळ विरघळवून गाळून घ्यावा, पुरचुंडी त्यात सोडावी आणि मंद उकळावं. पाच मिनिटांनी चव घ्यावी. कडूपणाची चाहूल लागताच पुरचुंडी काढावी. पाक चमच्यावर पातळ थर धरू लागला की आच बंद करून लोण्याचा गोळा आणि चिमूटभर मीठ घालावं. गार झाल्यावर पाक आणखी दाटतो, म्हणून जरा सैलच उतरवावा. पॅनकेक नसेल तर घावन किंवा आंबोळीवरही तो उत्तम लागतो.