त्सुरुगा : एका लहान बंदराची स्थानके

भूगोल शिकविण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्या शाळामास्तरास नकाशावरील मोठ्या ठिपक्यांपेक्षा लहान ठिपक्यांचा मोह अधिक असतो. टोकियो व ओसाका ही नावे मुले न सांगता पाठ करीत. परंतु जपानच्या होन्शू बेटावर, मध्यभागाच्या वायव्य किनाऱ्यास, जेथे समुद्र डोंगरांमध्ये खोल शिरला आहे, तेथे त्सुरुगा नावाचे एक शहर आहे. त्याचे नाव परीक्षेत कधी कोणी विचारले नाही. त्याची वस्ती साठ हजारांच्या किंचित वर आहे, म्हणजे आपल्याकडील एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. तथापि या गावाच्या स्थानकांत जे घडले, त्यात माणसाने नियम केव्हा पाळावा आणि केव्हा आपल्या विवेकाचे ऐकावे, हा जुना प्रश्न वारंवार उभा राहिलेला दिसतो. आज त्याविषयीच चार शब्द बोलावयाचे आहेत.

जपानात पहिली आगगाडी १८७२ साली टोकियोतील शिंबाशीपासून योकोहामापर्यंत धावली. परंतु त्यापूर्वीच, १८६९ साली, सरकारने लोहमार्गांची जी पहिली योजना ठरविली, तिच्यात बिवा सरोवराच्या काठापासून त्सुरुगापर्यंतच्या फाट्याचा समावेश होता. कारण उघड आहे. त्या किनाऱ्यावर उतरलेला माल क्योटो व ओसाका येथे न्यावयाचा, तर याच बंदरावरून डोंगर ओलांडून सरोवर गाठावे लागे, व पुढचा प्रवास नावेने होई. १८८२ साली सरोवराकाठच्या नागाहामापासून काम पुरे झाले, आणि रूळ बंदरातील कानेगासाकी स्थानकापर्यंत पोहोचले. मात्र मध्ये एक खंड राहिला. यानागासे येथील बोगदा तयार नसल्यामुळे उतारूंना तेवढी घाटी पायी चढावी लागे. १८८४ साली सुमारे १३५० मीटर लांबीचा हा बोगदा खुला झाला. त्या काळी जपानात त्याहून लांब बोगदा नव्हता. परंतु चढ मोठा आणि बोगदा अरुंद, त्यामुळे इंजिनाचा धूर आत कोंडे. १९२८ साली याच बोगद्यात गाडी अडकून तिच्यावरील काही कामगार गुदमरून मृत्यू पावले. धुराची ही गोष्ट ध्यानात ठेवावी. ती पुढे पुन्हा येणार आहे.

गावाचे मुख्य स्थानक प्रथम केही देवालयाच्या जवळ होते. १९०९ साली ते आजच्या जागी हलविण्यात आले. या देवालयासमोर 'तोरी' म्हणून जे लाकडी महाद्वार उभे आहे, ते पाहून आपणांस आपल्या तोरणाची आठवण व्हावी. १६४५ साली ते उभारले. त्याची उंची सुमारे ११ मीटर असून जपानातील तीन थोर लाकडी द्वारांत त्याची गणना होते. १६८९ साली बाशो हा कवी पौर्णिमेचा चंद्र पाहण्यासाठी या गावी आला, आणि नेमका त्या रात्री पाऊस पडला. बंदरालगतच्या कानेगासाकी टेकडीवर जुन्या किल्ल्याचे अवशेष आहेत. १५७० साली बहिणीच्या सासरच्या आप्तांनीच पाठ सोडल्याची वार्ता येताच ओदा नोबुनागा या सेनापतीस येथूनच घाईने माघार घ्यावी लागली. त्या टेकडीच्या पायथ्याशी कानेगासाकी स्थानक होते. १९१९ साली त्याचे नाव 'त्सुरुगा बंदर' असे ठेवण्यात आले.

१८९९ साली हे बंदर परदेशी व्यापारास खुले झाले, व १९०२ पासून रशियाच्या व्लादिवोस्तोक बंदराशी आगबोटींची नियमित ये-जा सुरू झाली. पलीकडे सैबेरियाचा लोहमार्ग तयार होताच या लहान गावास एकाएकी जगाच्या वेशीचे महत्त्व आले. १९१२ सालापासून शिंबाशीहून निघणाऱ्या गाडीतील एक शयनडबा थेट कानेगासाकीच्या धक्क्यापर्यंत येऊ लागला. तेथे आगबोटीत चढावे, व्लादिवोस्तोकला पुन्हा आगगाडीत बसावे, आणि सुमारे १७ दिवसांत पॅरिस गाठावे, असा तो मार्ग होता. समुद्रमार्गाने याच प्रवासास महिन्याहून अधिक काळ लागे. त्या व्यापाराची खूण म्हणून १९०५ साली बांधलेली तांबड्या विटांची तेलाची वखार आजही बंदरावर उभी आहे. आणि १८८२ सालची, गाड्यांचे कंदील ठेवण्याची विटांची लहानशी खोलीही टिकून आहे.

श्रोतेहो, वेशीतून श्रीमंत प्रवासी जातात, तसे निराधारही येतात. रशियातील राज्यक्रांतीनंतर सैबेरियात अडकलेल्या पोलिश लोकांची मुले उपासमारीने मरू लागली. १९२० ते १९२२ या काळात जपानच्या रेडक्रॉस संस्थेने अशा सातशेंहून अधिक मुलांना आणविले, आणि ती प्रथम उतरली ती याच धक्क्यावर. महाराष्ट्रीय श्रोत्यांस ही गोष्ट परकी वाटू नये. दुसऱ्या महायुद्धात सैबेरियातून सुटलेल्या पोलिश कुटुंबांना आपल्या कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे १९४३ पासून सुमारे पाच वर्षे आसरा मिळाला होता.

यानंतर आला १९४० चा उन्हाळा. लिथुआनियातील कौनास येथे चिउने सुगिहारा हे जपानचे उपवाणिज्यदूत होते. पोलंडमधून पळालेले ज्यू त्यांच्या दारापुढे रांगा लावून उभे राहिले. त्यांना जपानमार्गे पुढे जाण्याचे परवाने हवे होते. टोकियोच्या परराष्ट्र खात्याची आज्ञा स्पष्ट होती : ज्याच्यापाशी पुरेसा पैसा व पुढील देशाची संमती असेल, त्यासच परवाना द्यावा. बहुतेकांपाशी यांपैकी काहीच धड नव्हते. डच वाणिज्यदूत यान झ्वार्तेंडिक यांनी कुरासाओ बेटाच्या नावाने काही मजकूर लिहून दिला होता, तेवढाच आधार. सुगिहारांनी खात्याच्या अटी बाजूस सारल्या आणि दिवसचे दिवस हाताने परवाने लिहिले. त्यांच्या यादीत २१३९ नावे आहेत. एकेका परवान्यावर पुष्कळदा सारे कुटुंब प्रवास करी.

हे लोक सैबेरिया ओलांडून १९४० च्या शरद ऋतूपासून पुढील वर्षापर्यंत बहुधा 'अमाकुसा-मारू' या आगबोटीने त्सुरुगास उतरले. गावातील वृद्धांनी मागाहून ज्या आठवणी सांगितल्या, त्या साध्या आहेत. एका स्नानगृहाच्या मालकाने एक दिवस आपले स्नानगृह या पाहुण्यांसाठी विनामूल्य उघडे ठेवले. एका मुलाने फळे वाटली. स्थानकासमोरच्या घड्याळजीने त्यांची घड्याळे विकत घेतली, म्हणजे त्यांच्या हाती खर्चास चार पैसे आले. येथून ते आगगाडीने कोबेस गेले व तेथून जगभर पांगले. सुगिहारांना १९४७ साली परराष्ट्र खाते सोडावे लागले. त्यांचा सन्मान झाला तो पुष्कळ वर्षांनी. इस्रायलने त्यांस गौरविले, त्यानंतर लवकरच १९८६ साली ते निवर्तले.

ज्या गावाने आसरा दिला, त्यासही युद्धाने सोडले नाही. १९४५ च्या जुलैच्या १२ तारखेस रात्री अमेरिकन विमानांनी बाँब टाकले. शंभरांहून अधिक माणसे मेली आणि गावाचा बराच भाग जळाला. केही देवालयाचा मुख्य गाभाराही भस्म झाला. तोरी मात्र उभे राहिले.

आता धुराची गोष्ट. १९६२ साली त्सुरुगाच्या उत्तरेस होकुरिकू बोगदा खुला झाला. त्याची लांबी १३,८७० मीटर. नियम असा होता की, गाडीस आग लागल्यास ती तत्काळ थांबवावी. १९६९ साली बोगद्यात एका गाडीस आग लागली. तिच्या चालकांनी नियम मोडला, गाडी न थांबविता बोगद्याबाहेर काढली आणि उतारू वाचले. रेल्वेने त्यांस बक्षीस दिले नाही, शिक्षा केली. पुढे १९७२ च्या नोव्हेंबरात पहाटे दुसऱ्या एका गाडीच्या भोजनडब्यास त्याच बोगद्यात आग लागली. या वेळी चालकांनी नियम पाळला. गाडी बोगद्याच्या पोटात थांबली, धूर कोंडला आणि ३० माणसे प्राणास मुकली. त्यानंतर रेल्वेने जळत्या डब्यांवर प्रयोग करून पाहिले, नियम बदलला, आणि पूर्वीची शिक्षाही मागे घेतली. बोगद्यात आग लागल्यास गाडी थांबवू नये, बाहेर काढावी, असा नवा नियम झाला.

मी स्वतः नियमांचा माणूस. घंटा झाल्यावर आलेल्या मुलास मी वर्षानुवर्षे दाराबाहेर उभे केले. एकदा भर पावसात चिंब भिजलेल्या मुलासही उभे केले, आणि दुसऱ्या दिवशी तो तापाने आजारी असल्याचा निरोप आला. तो बरा झाला. मला मात्र ती गोष्ट विसरता आलेली नाही. म्हणून त्या १९७२ च्या चालकांस दोष देण्याचे धैर्य मजपाशी नाही. त्यांनी पुस्तकाप्रमाणे केले. पुस्तक लिहिणाराने बोगदा लक्षात घेतला नव्हता. परंतु एवढे म्हणेन की, नियम करणाऱ्याने तो मोडणाऱ्या माणसाचे म्हणणे शिक्षेपूर्वी शांतपणे ऐकून घेतले असते, तर तीन वर्षांनी ३० माणसांचा बळी पडला नसता.

आज त्सुरुगाचे स्वरूप पालटले आहे. बंदर स्थानकाची मालवाहतूक २००९ साली थांबली व २०१९ साली तो फाटा विधिपूर्वक बंद झाला. १६ मार्च २०२४ रोजी अतिवेगवान शिन्कान्सेन गाडी कानाझावाहून येथवर आली. क्योटो-ओसाकाकडे जाणारे उतारू येथे उतरून गाडी बदलतात. बंदरावर त्या पोलिश मुलांच्या व ज्यू निर्वासितांच्या स्मृतीचे एक संग्रहालय आहे. ते २००८ साली सुरू झाले आणि २०२० साली नव्या वास्तूत गेले.

श्रोत्यांपैकी कोणी जपानास गेले आणि त्सुरुगास गाडी बदलण्याचा प्रसंग आला, तर त्यांनी पुढची गाडी खुशाल सोडावी. केही देवालयाचे ते तोरी पाहावे, मग बंदरावर जाऊन विटांची ती कंदीलखोली पाहावी. आणि त्या धक्क्यावर, जेथे इतकी माणसे आगबोटीतून उतरली, तेथे क्षणभर उभे राहावे.