साठीची हजेरी

गेल्या हिवाळ्यात आमचा कॉलेजातला जुना वर्ग नगरला एकत्र आला. सरकारी कागदावर २०२४ सालापासून जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे. पण आमच्या दाखल्यांवर अहमदनगर आहे आणि तोंडात नुसते नगर. बी. ए. होऊन चाळीस वर्षे झाली होती. कोणी नुकते पेन्शनीत निघालेले, कोणाचे सहा महिने उरलेले. जेवणाआधी एका उत्साही गृहस्थाने खिशातून कागदाची घडी काढली. त्यावर त्याने आठवून आठवून आमच्या वर्गाचा हजेरीपट लिहून आणला होता. तो क्रमाने नावे वाचू लागला आणि साठीची माणसे शाळकरी पोरांसारखी ‘हजर’ म्हणू लागली. पहिल्या काही नावांना हशा पिकला. मग एक नाव आले आणि कोणीच बोलले नाही. वाचणारा क्षणभर थांबला, त्याने पुढचे नाव घेतले. असे सात वेळा झाले.

नंतर प्रत्येकाने आपली हकीकत सांगायची होती. जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेल्याने आपल्या एकवीस बदल्या सांगितल्या. एस. टी. त कंडक्टर म्हणून लागून वाहतूक नियंत्रक झालेल्याने झोपेतसुद्धा गाड्यांच्या वेळा आठवतात असे सांगितले. दुसऱ्या वर्षाला लग्न होऊन कॉलेज सुटलेली एक मैत्रीण होती. तिने चाळिशीत मुक्त विद्यापीठातून बी. ए. पुरे केले. ‘तुमच्यात बसण्याचा हक्क मी उशिराने मिळवला,’ असे ती म्हणाली तेव्हा टाळ्या वाजल्या, पण मान वर करून तिच्याकडे बघण्याचे धैर्य थोड्यांनाच झाले. पारनेरकडचा एक शेतकरी उठला आणि म्हणाला, ‘मी अजून कामावर आहे. रानाला रिटायरमेंट नसते.’ एवढे बोलून तो खाली बसला.

माझे लक्ष मात्र दुसऱ्याच दोघांकडे होते. एकेकाळचे हे जिवलग मित्र एका निवडणुकीवरून तुटले आणि तीस वर्षे एकमेकांशी बोलले नव्हते. त्या दिवशी ते जेवायला शेजारी बसले. समेट वगैरे काही झाला नाही. एकाने गुडघ्याचे दुखणे सांगितले, दुसऱ्याने आपल्या डॉक्टराचा पत्ता दिला. पण परतीच्या वाटेवर माझ्या मनात एक प्रश्न घोळत राहिला. वर्गबंधूंनी साठीत एकत्र बसावे, हिशेब सांगावेत, जमले तर जुने भांडण ताटाशेजारी ठेवून उठावे, ही चैन माणसाला केव्हापासून मिळू लागली? आपल्या आधीच्या वर्गांना ती होती का?

आपल्याकडचा अगदी पहिला वर्ग घेऊ. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि १८६२ साली त्याचे पहिले पदवीधर बाहेर पडले. ते होते अवघे चार : महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. सारा हजेरीपट एका ओळीत मावावा एवढा. यांतले रानडे १६ जानेवारी १९०१ रोजी वारले, तेव्हा त्यांना एकोणसाठावे वर्ष पुरे व्हायला दोन दिवस कमी होते. हायकोर्टाच्या न्यायाधीशपदावरून ते अजून उतरले नव्हते. निवृत्तीचे आयुष्य म्हणतात ते त्यांच्या वाट्याला आलेच नाही. भांडारकरांनी मात्र १८९३ साली डेक्कन कॉलेजातून निवृत्त झाल्यावर बत्तीस वर्षे पाहिली. मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपद त्यांनी निवृत्तीनंतर सांभाळले, आणि त्यांच्या नावाची प्राच्यविद्या संशोधन संस्था पुण्यात उभी राहिली ती १९१७ साली, त्यांच्या ऐंशिव्या वाढदिवशी. एकाच वर्गातले दोघे, एकाच प्रार्थनासमाजात वावरलेले. पण म्हातारपणचा निवांत गप्पांचा काळ एकालाच लाभला. आणि गप्पांना दुसरा लागतो.

यानंतरची पिढी पाहिली की छातीत धस्स होते. १८८० च्या जानेवारीत पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल निघाले. सरकारी नोकरीकडे पाठ फिरवून स्वतःची शाळा काढणारी ही तरुण मंडळी आपण भिंतीवरच्या तसबिरींत पाहतो, त्यामुळे ती आपल्याला कायम वडीलधारी वाटतात. त्यांची वये मोजून पाहा. विष्णुशास्त्री चिपळूणकर १८८२ साली गेले, वयाच्या एकतिसाव्या वर्षी. संस्कृत कोशकार वामन शिवराम आपटे १८९२ साली गेले, तेव्हा ते चाळिशीच्याही आतच होते. गोपाळ गणेश आगरकर १८९५ साली गेले, अडतिसावे संपून एकोणचाळिसावे चालू असताना. महादेव बल्लाळ नामजोशी त्यांच्या मागोमाग, १८९६ साली. आज आपण ज्या वयात घराच्या कर्जाचे हप्ते फेडत असतो, त्या वयात ही माणसे आपापले काम करून निघून गेली. त्या काळी सरकारी नोकराला पंचावन्नाव्या वर्षी पेन्शन मिळे. या पाच जणांपैकी ते वय फक्त टिळकांनी पाहिले.

टिळक आणि आगरकर यांची मैत्री डेक्कन कॉलेजातली. दोघांचा जन्म एकाच वर्षातला, एकाच महिन्यातला. आगरकर १४ जुलै १८५६ चे, टिळक २३ जुलैचे. अंतर नऊ दिवसांचे. कॉलेजच्या दिवसांत दोघांनी मिळून देशकार्याचे मनोरथ रचले. १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस एकत्र काढले. पुढे सामाजिक सुधारणा आधी की राजकीय हक्क आधी, या वादाने त्यांना वेगळे केले. १८८८ साली आगरकरांनी ‘सुधारक’ काढला, १८९० साली टिळकांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडली. लेखण्या अशा चालल्या की वाचणाऱ्यांना यांची एकेकाळची दोस्ती खरी वाटू नये. आगरकरांना दम्याचा विकार होता; त्यातच ते खंगले. ते गेले तेव्हा ‘केसरी’त मृत्युलेख लिहायला टिळकच बसले. वर्गमित्राची शेवटची हजेरी त्यांना अशी घ्यावी लागली.

आता १९१६ सालचा जुलै महिना डोळ्यांपुढे आणा. २३ तारखेला टिळकांना साठ वर्षे पुरी झाली. पुण्यात मोठा सत्कार झाला, लोकांनी एक लाख रुपयांची थैली दिली आणि ती त्यांनी लोकांच्याच कामाला वाहिली. त्याच दिवशी सरकारची राजद्रोहाच्या खटल्याची नोटीसही येऊन थडकली. हे सगळे इतिहासात आहे. इतिहासात नाही ते एवढेच, की नऊ दिवस आधी, १४ तारखेला, आगरकर साठ वर्षांचे झाले असते. ते त्या सत्काराला गेले असते का? मंडाले सोसून आलेल्या मित्राला काय म्हणाले असते? कदाचित पुन्हा भांडले असते. पण साठीतले भांडण आणि तिशीतले भांडण यांत फरक असतो. साठीत समोरच्याच्या मताआधी त्याचा चेहरा दिसतो. ती एक भेट काळाने होऊ दिली नाही. महाराष्ट्राचे त्यात किती नुकसान झाले हे मोजायला माप नाही.

याच १९१६ सालात आणखी एक हकीकत घडली. धोंडो केशव कर्वे आणि गोपाळ कृष्ण गोखले हे दोघेही १८८४ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए. झाले. टिळक गेल्यावर फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला १८९१ साली कर्वे आले. गोखले १९१५ च्या फेब्रुवारीत अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गेले. पुढच्याच वर्षी, स्वतः अठ्ठावन्न वर्षांचे असताना, कर्व्यांनी हिंगण्यास महिला विद्यापीठ सुरू केले. कॉलेजची प्रोफेसरी तोवर मागे पडली होती. आज ज्या वयात नोकराच्या हाती नारळ आणि शाल देऊन फोटो काढतात, त्या वयात या माणसाने आपले सर्वांत मोठे काम हाती घेतले आणि त्यानंतर तो शेहेचाळीस वर्षे जगला. कर्वे १९६२ साली गेले तेव्हा एकशे चार वर्षांचे होते. एक अठ्ठेचाळीस, एक एकशे चार! हजेरीपट नशिबाचा हिशेब विचारीत नाही.

हे सारे पुण्या-मुंबईचे झाले. मग आमचे नगर कुठे होते? निजामशाहीची ही राजधानी जुनी; अमेरिकन मराठी मिशनच्या शाळा इथे १८३१ पासूनच्या; सिंथिया फरार बाईंनी इथे मुलींना शिकवण्यात आयुष्य घालवले. पण कॉलेज नव्हते. मॅट्रिक झालेल्या पोराने १८७८ नंतर दौंड-मनमाड आगगाडी धरायची, दौंडला गाडी बदलून पुण्यास उतरायचे आणि वारावर जेवत शिकायचे. ज्याच्या बापाला एवढेही झेपेना, त्याचे शिक्षण मॅट्रिकला संपले. मुलींची तर गोष्टच सोडा. त्या पिढ्यांचे ‘वर्गमित्र’ नगरला नव्हतेच. असले तर परगावी, विखुरलेले.

पारनेरचे पांडुरंग महादेव बापट असेच डेक्कन कॉलेजात गेले. तिथून एडिंबरोला इंजिनियरिंग शिकायला आणि पॅरिसला बॉम्बची विद्या शिकायला. मुळशीच्या सत्याग्रहाने त्यांना ‘सेनापती’ हे नाव दिले. १८८० साली जन्मलेला हा माणूस १९५५ च्या गोवा सत्याग्रहात गेला, तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचा होता. आमच्या मेळाव्यातल्या पारनेरच्या शेतकऱ्याचे ‘मी अजून कामावर आहे’ हे वाक्य ऐकताना मला या गावकऱ्याचीच आठवण झाली.

नगरची स्थिती पालटली ती १९४७ साली. डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी स्वातंत्र्याच्या थोडे आधी अहमदनगर कॉलेज सुरू केले. जिल्ह्यातले ते पहिले. पुढल्याच वर्षी, १ जून १९४८ रोजी, महाराष्ट्रातली पहिली एस. टी. गाडी धावली, तीही नगरहून पुण्याला. दोन्ही गोष्टी जवळजवळ एकदम व्हाव्यात यात एक शहाणपण आहे. कॉलेज गावाजवळ आले आणि गाव रस्त्याजवळ आले. १९५० साली प्रवरेचा सहकारी साखर कारखाना चालू झाला. मग श्रीरामपूर, संगमनेर, कोपरगाव येथे कॉलेजे निघाली. १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या. १९६८ साली राहुरीस कृषी विद्यापीठ झाले. शाळा, कारखाने, बँका, एस. टी. यांनी शेतकऱ्याच्या मुलाला पहिल्यांदा पगार दिला. आणि पगार आला तेव्हाच ‘निवृत्ती’ आली.

हिशेब करून पाहा. १९४७ साली सतरा-अठरा वर्षांचा असलेला विद्यार्थी अठ्ठावन्न वर्षांचा झाला १९८८ च्या आसपास. म्हणजे नगरच्या मातीतच शिकलेला एखादा वर्ग पेन्शनीच्या वयाला येऊन एकत्र बसू शकतो, ही गोष्ट इथे चार दशकांच्या पलीकडची नाही. वयाची अटही बदलत गेली. केंद्र सरकारच्या नोकराला पंचावन्नाची अठ्ठावन्न झाली १९६२ साली, आणि साठ झाली १९९८ साली. याचे कारण सरकारी दफ्तरात शोधू नये. ते माणसाच्या आयुर्मानात आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतीयाचे सरासरी आयुष्य बत्तीस वर्षे धरले जाई. आज ते सत्तरीच्या घरात आहे. त्या बत्तिसात पाळण्यातच गेलेल्या लेकरांचा वाटा मोठा होता हे खरे. पण तिशी-चाळिशीतली माणसेही देवी, प्लेग, क्षय, विषमज्वर यांना पटापट बळी पडत. लस, स्वच्छ पाणी, नवी औषधे आली आणि आमच्या हजेरीपटात ‘हजर’ म्हणणारे वाढले. आमच्या वर्गातले सात गेले याचे आम्हाला दुःख झाले. पण न्यू इंग्लिश स्कूलच्या त्या मित्रमंडळात साठीला हजेरी देणारा एकच उरला होता.

निवृत्ती हा शब्द तसा आमच्या जिल्ह्याला पेन्शनीच्या फार आधीपासून ठाऊक आहे. नेवाशास १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली ती ज्ञानदेवांनी आपल्या थोरल्या भावाला, निवृत्तिनाथांना, गुरू मानून. सांगणारा जेमतेम पंधरा वर्षांचा, आणि त्याचा गुरू थोडा मोठा. तेव्हा निवृत्तीचा वयाशी संबंध नव्हता. आत वळण्याशी होता. आपण तिला वयाचा दाखला जोडला, आणि म्हणून ती आली की गोंधळतो. सकाळी उठून जायचे कुठे, हेच कळत नाही.

मला वाटते, वर्गमित्रांच्या मेळाव्याचे खरे काम इथेच आहे. कोणाच्या मुलाने कुठे घर घेतले, कोणाची साखर किती, या हकीकती सांगाव्यात; त्यांत वावगे काही नाही. पण त्यांच्यामागे एक न बोललेली जाणीव असावी, की आगरकरांना न मिळालेली वीस-बावीस वर्षे आपल्याला फुकट मिळाली आहेत. त्यांत काही अर्धवट राहिलेले पुरे करता येईल. कोणाला कर्व्यांसारखे विद्यापीठ काढणे जमणार नाही. पण सुटलेली परीक्षा देता येते, आणि अबोला धरलेल्या माणसाच्या शेजारी पाट मांडता येतो.

त्या रात्री मी हजेरीपट लिहिणाऱ्या गृहस्थाला फोन करून सांगितले, की यादीत चार-पाच नावे राहिली. पहिल्याच वर्षी फी भरता न आल्यामुळे जे कॉलेज सोडून गेले, त्यांना आपण वर्गातून वगळले. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘नावे सांग. पुढच्या वेळी त्यांना आधी बोलावू.’